आई, पाय उचलू नको

एसटीच्या वर्कशॉपात माझी सत्तावीस वर्षं ब्रेकवर गेली. बसचे ब्रेक हवेवर चालतात. कॉम्प्रेसर हवा भरतो, टाकीत दाब तयार होतो, ड्रायव्हरनं पेडल दाबलं की तो दाब चाकापर्यंत जातो. हवा कमी पडली तर आमची बस जागची हलत नाही. घरच्या पद्मिनी मोटारीचं नेमकं उलटं. तिथं पेडलपासून चाकापर्यंत तेल. त्या तेलात हवेचा बुडबुडा राहिला, तर लोण्यात पाय घातल्यासारखं पेडल खाली जातं आणि गाडी तिच्या मर्जीनं चालते. दिवसभर जिच्या जिवावर पोट भरायचं, तीच हवा घरी आल्यावर वैरीण.

फेब्रुवारी २०२४ मधला रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फेरनोंदणीसाठी आरटीओला दाखवायची होती. आणि त्याच रविवारी दुपारी चार वाजता थोरलीला बघायला विट्याहून पाहुणे येणार होते. आरटीओची तारीख मी घेतली, पाहुण्यांची बायकोनं दिली. दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं. हे भांडण शनिवारी रात्री झालं आणि त्यात मी हरलो, एवढं सांगून पुढं जातो.

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आबा, म्हणजे माझे वडील, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा ही आबांकडे आली, पगारातून हप्ते कापून. पेढीवर असताना तिच्या डिकीतून हळदीचे नमुने फिरायचे. पत्र्याच्या सांध्यात ती पिवळी पूड इतकी बसली होती, की आमच्याकडं आल्यावर पुढं कित्येक वर्षं डिकी उघडली की हळदीचा वास यायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो वास गेला. कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. आम्ही नदीजवळच्या गावभागातले. माणसं आणि सिलिंडर वर नेता आले, गाडी अंगणातच राहिली. पाणी ओसरल्यावर दार उघडलं, तर सीटवर बोटभर गाळ. २०२१ च्या पुरात मात्र आम्ही शहाणे झालो होतो. पुलाचे आकडे वाढायला लागल्याबरोबर बंद गाडी दोरीनं ओढत विश्रामबागेत मेहुण्याच्या दारात नेऊन ठेवली. मेहुणा अजून त्याबद्दल बोलतो.

पुण्याचा भाऊ म्हणतो, भंगारात घाल. नोंदणीची मुदत २०१९ लाच संपलेली. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीची फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झाली, शिवाय उशिराचा दंड, शिवाय पर्यावरण कर. हिशेब त्याचाच बरोबर आहे. पण इंजिन मी लॉकडाऊनमध्ये उघडून बसवलं होतं, वायरिंग नंतरच्या दोन दिवाळ्यांत झालं, राहिले होते फक्त ब्रेक. आता कुठं भंगारात घालायची?

पुराच्या पाण्यानं व्हील सिलिंडर, म्हणजे चाकापाशी तेलाच्या दाबानं ब्रेक ढकलणारे सिलिंडर, आतून गंजले होते. ते घासून, पॉलिश करून घेतले. त्यांच्यात बसणाऱ्या रबरी कपांचं किट मात्र सांगलीत मिळेना. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी कायमची बंद झाली. टॅक्सी होत्या तोवर त्यांच्या जिवावर सुटे भाग तरी बनत होते. शेवटी कुर्ल्याच्या एका दुकानातून एक किट आलं. गाडी तयार झाली तीही कुर्ल्यातच, त्यामुळं माहेरची ओटी आल्यासारखं मी ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं.

रविवारी सकाळी सहाला अंगणात आलो, तर धाकटा हसतमुखानं उभा. "बाबा, मी रात्रीच सगळं धुऊन ठेवलं." डिझेलच्या डब्यात पिस्टन, स्प्रिंगा आणि ते नवंकोरं रबर. रात्रभर.

ब्रेकच्या रबराला पेट्रोल, डिझेल, ग्रीस काही लागू द्यायचं नसतं. धुवायचं तर ब्रेक ऑइलमध्येच. खनिज तेलात ते रबर फुगतं. मी एक कप उचलून सिलिंडरच्या तोंडाशी धरला. काल बोटानं सरकत होता, आज आत जाईना. पोराला काय बोलणार? वर्कशॉपात हेल्परला हे मी पहिल्या दिवशी शिकवतो. घरी कधी सांगितलंच नव्हतं. घरी मी एकटाच काम करतो, आणि कोणी जवळ आलं तर "पाना उचलू नको" एवढंच म्हणतो.

शंभर फुटी रोडवरची स्पेअरची दुकानं रविवारी बंद. एका ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. त्यांच्या घरी सत्यनारायण होता, तरी ते सोवळ्यातच स्कूटरवर आले आणि शटर अर्धं वर केलं. मी म्हणालो, पद्मिनीचं आहे. ते म्हणाले, "गाडीचं नाव सांगू नका, माप सांगा." व्हर्नियरची मोजपट्टी लावून त्यांनी माझा पिस्टन मोजला, सिलिंडरचं भोक मोजलं आणि बिस्किटाच्या जुन्या डब्यातून एकेक कप काढून शेजारी ठेवत गेले. कुठल्या गाडीचे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मापाला बसत होते, कपाची कड मऊ होती, बस्स. पैसे घेतले आणि वर प्रसाद घरी पाठवतो म्हणाले.

दोन वाजेपर्यंत चारही चाकांचे सिलिंडर जागेवर. आता एअर काढायची, म्हणजे तेलात राहिलेली हवा. हे काम एकट्याचं नाही. एकानं पेडल मारायचं, दुसऱ्यानं चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, उघडायचा. पेडल दाबलेलं असतानाच निपल उघडायचा आणि पाय वर यायच्या आत बंद करायचा, नाहीतर गेलेली हवा परत आत ओढली जाते. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं.

धाकट्याला पेढे आणायला पिटाळलं होतं. थोरली आवरत होती. बायकोला हाक मारली, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी आता पेडल मारू का पोहे भिजवू?"

आई पडवीत वाती वळत बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. वाती परडीत ठेवून म्हणाली, "मी येऊ का रं?"

इतकी वर्षं ती या गाडीत आबांच्या शेजारी बसली. स्टिअरिंगमागं त्या दिवशी पहिल्यांदा. नऊवारी सावरून बसली, पाय पोचेना म्हणून पाठीमागं उशी दिली.

"तीनदा मारायचं, चौथ्यांदा दाबून धरायचं. मी सांगेस्तोवर पाय उचलायचा न्हाई."

"मशीनसारखं?"

"व्हय, पण सावकाश."

आईनं चाळीस वर्षं पायमशीनवर गल्लीभरच्या बायकांची झंपरं शिवली. तिच्या पायाला जो ठेका आहे तो आमच्या हेल्परला नाही. हेल्पर मोबाईल बघत पाय सोडतो. आई सोडत नव्हती. निपलला सलाईनची नळी लावलेली, तिचं टोक बाटलीतल्या तेलात. आधी नुसता फेस, मग मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग सलग तेल. मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं. मधूनमधून ती विचारायची, "आता काय निघतंय?" आणि मी खालून सांगायचो.

पुढचं डावं चाक फाटकाच्या बाजूला. मी तिथं आडवा, आई पेडल दाबून, निपल उघडा, आणि फाटक वाजलं. घड्याळात साडेतीनच झाले होते. मला खालून दिसली ती एक कोल्हापुरी चप्पल, एक पांढरे बूट आणि दोन बायकी सँडल.

"नमस्कार," मी जमिनीवरूनच म्हणालो. "या, या. आई, पाय उचलू नको!"

आई वरून म्हणाली, "बसा की. मला उठता यायचं न्हाई, पाय ब्रेकवर हाय."

चारही पादत्राणं जागच्या जागी थांबली. आतून बायको धावत आली असावी, कारण बांगड्या ऐकू आल्या आणि मग अचानक ऐकू यायच्या बंद झाल्या. मी ओरडलो, "डबीतलं तेल बघा कोणीतरी!" कारण बॉनेटखालच्या डबीतलं तेल संपलं असतं, तर वरूनच हवा शिरून दुपारभराचं काम पाण्यात. थोरली पाण्याचा ट्रे घेऊन येत होती. तिनं ट्रे कठड्यावर ठेवला, वाकून बघितलं, "तळाला आलंय" म्हणाली आणि नव्या बाटलीचं टोपण उघडून ओतायला लागली. मदतीला म्हणून पांढरे बूट पुढं सरकले.

"मडगार्डवर सांडू देऊ नका," ती म्हणाली, "रंग जातो."

हे तिला कधी कळलं? मी तर शिकवलं नव्हतं. पाना उचलू नको म्हटल्यावर पोरं लांब बसतात, पण बघत असतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

निपल बंद केला, "सोड" म्हणालो, आणि मगच बाहेर आलो. हात काळे, शर्टवर तेल. मुलाच्या वडिलांनी हात पुढं केला, मी कोपर दिलं. शेवटचं चाक त्यांच्या देखतच झालं, कारण आई उतरायला तयार नव्हती. "एकच राहिलंय," ती त्यांना म्हणाली, "पोहे व्हईस्तोवर हुतंय."

त्यांचा निरोप दहा दिवसांनी आला. तो विषय थोरलीचा आहे, इथं लिहीत नाही. बायको सोमवारी दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही, तेही रास्तच.

सोमवारी सकाळी गाडी काढली, तर आई चप्पल घालून शेजारच्या सीटवर आधीच बसलेली. म्हणाली, "ब्रेक मी दाबलेत." आरटीओत इन्स्पेक्टरनं वेग घ्यायला लावून एकदम थांबवायला सांगितलं. गाडी सरळ रेषेत उभी राहिली, कुठल्या बाजूला ओढली नाही. त्यांनी चासीचा नंबर बघितला, दिवे बघितले, आईकडं एकदा बघितलं आणि सही केली.

परत येताना गतिरोधक दिसला की तिचा उजवा पाय जायचा पुढं. खाली नुसती चटई. चटईवर पाय दाबून धरायची, आणि गतिरोधक पार होऊन मी "सोड" म्हणेपर्यंत उचलायची नाही.