चौथा स्लॅब पडला

“काल चौथा पडला बघ!” सकाळी सकाळी बाबांचा फोन. हातातली भाजी तशीच टाकून मी निघाले.

कोथरूडमधली आमची जुनी तीन मजली सोसायटी पाडून तिथे पार्किंगवर सात मजले उठतायत. आईबाबा तोवर दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहतात. बाबा रोज फिरून येताना पत्र्याच्या कुंपणाशी थांबतात. पावसाळाभर कॉलमच्या सळया नुसत्या गंजत उभ्या होत्या, तेव्हाही थांबायचे.

आज वर काल ओतलेल्या चौथ्या स्लॅबवर छोटी छोटी आळी करून पाणी भरायचं चाललं होतं. एक बाई पाइप धरून कडा भिजवत होती. पाणी ठिबकत होतं ते थेट बाबांच्या चपलांवर. ते हटले नाहीत. “28 दिवस लागतात काँक्रीटला ताकद यायला,” म्हणाले. मग हळूच, “लिफ्ट बसेपर्यंत माझे गुडघे टिकायला हवेत गं.”

दिवसभर तेच डोक्यात. राज्यात 1 मे 2017 पासून रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या हिताचा कायदा, लागू झाला, बिल्डरला दर तीन महिन्यांनी कामाची माहिती महारेराच्या साइटवर टाकावी लागते, हे फार चांगलं झालं. मी ते नेमाने बघते. ताब्याची तारीख पुढे गेली की चिडते, फोन करते. पण बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे, हे त्या तारखेशी मी कधी जोडूनच पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी गेले तर आई जुन्या दारावरची पितळी पाटी वर्तमानपत्रातून काढून चिंचेने घासत होती.

तुमच्या घरीही कुणी असं स्लॅब मोजत बसलंय का?