तुम्ही विचारलंत म्हणून : डिस्लेक्सियावर घरगुती काही नाही का?

पालकसभा उरकली की कुणीतरी दाराशी घुटमळतंच. अमळनेर-पारोळ्याकडच्या शाळांमधून वाचनात मागे पडलेल्या मुलांना मी शिकवते, त्यामुळे प्रश्न आता पाठ झालाय. "मॅडम, पोर्‍या हुशार शे, पन वाचाले बसना का डोयास्मा पानी येस. गोळ्या-बिळ्या नको, काही नैसर्गिक सांगा ना."

हे उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. गोळ्यांची भीती मनातून काढा, कारण डिस्लेक्सियावर गोळीच नाही. तो आळस नाही आणि बुद्धी कमी असल्याची खूणही नाही. शब्दातले सुटे आवाज पकडणं आणि ते अक्षराशी जोडणं या मुलांना जड जातं. बोलणं मूल घरात ऐकून ऐकून शिकतं. वाचन मात्र कुणीतरी बसून शिकवावंच लागतं, आणि या मुलांना जास्त बारकाईनं, जास्त वेळा.

आधी खात्री तर करा. आपल्या भागातलं मूल 'डोळा'चं 'डोया' आणि 'काळा'चं 'काया' लिहितं म्हणून त्याच्यावर शिक्का मारू नका. ते घरी जे ऐकतं तेच लिहितंय, म्हणजे कान चांगला आहे. मला काळजी वाटते ती तिसरी सरत आली तरी 'कमळ' मधला 'क' काढला तर काय उरेल हे न सांगता येणाऱ्या, जोडाक्षर दिसलं की अंदाजानं काहीतरी ठोकून देणाऱ्या मुलाची. डिस्लेक्सियाच्या तपासणीला नेण्याआधी डोळे आणि कान दाखवून घ्या, हिमोग्लोबिनही बघा. शाळेत मिळणारी लोहाची गुलाबी गोळी खिडकीतून बाहेर जाते, हे आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे. ती पोटात जाऊ द्या. अंगात रक्त नसलेलं, रात्री अकरापर्यंत मोबाइल बघणारं मूल शिकायला ताजं कुठून असणार? पण रक्त वाढलं, झोप झाली म्हणून वाचता येत नाही. शिकवलेलं डोक्यात शिरतं, एवढंच.

आता बाटल्यांकडे वळू. ब्राह्मीवर संशोधन झालंय, पण बरंचसं मोठ्या माणसांच्या स्मरणशक्तीवर. त्यानं डिस्लेक्सिया असलेलं मूल वाचू लागतं, असा पुरावा नाही. पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनासाठी, म्हणजे सोन्याचं भस्म घातलेल्या थेंबांसाठी, रांगा लागतात, त्यांचंही तेच. माशाच्या तेलात असतं त्या ओमेगा-3 या स्निग्ध घटकाची गोष्ट जास्त बोलकी आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वाचनात मागे असलेल्या मुलांना शेवाळातून काढलेलं ओमेगा-3 देऊन पाहिलं. 2012 साली सगळ्यात मागच्या मुलांमध्ये थोडा फरक दिसला, सगळीकडे बोलबाला झाला. तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा, 2018 साली, फरक दिसलाच नाही. ओमेगा-3 असलेली जवसाची चटणी भाकरीबरोबर जरूर खाऊ घाला, ती चांगलीच असते. तिच्यावर परीक्षेचा भार टाकू नका. रंगीत काचांचे चष्मेही विकले जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्ये एकत्र सांगितलंय.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. सुटी पुडी, लेबल नसलेली गोळी मुलाला देऊ नका. 2004 साली बोस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं तर मुलाच्या शिकण्यावरच घाव घालतं.

मग घरचं असं काय? परात. परातीत भाकरीचं पीठ पसरा आणि बोटानं अक्षर काढायला लावा, काढताना आवाज मोठ्यानं म्हणायचा. डोळा, कान, तोंड, हात एकदम कामाला लावायची ही पद्धत अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी 1930 च्या दशकात बांधली. आपल्याकडे धूळपाटी होतीच. पण नुसतं गिरवून भागत नाही, क्रम लागतो. चौथीतला एक मुलगा 'किती' लिहिताना दर वेळी अडायचा. तोंड आधी 'क' म्हणतं, हात मात्र आधी पहिली वेलांटी काढतो. त्याचं बोट पिठावर नुसतं थरथरायचं. मग आम्ही आधी 'क' काढला, त्याचा आवाज म्हटला, डावीकडं जागा सोडली आणि 'इ' म्हणत वेलांटी मागून आणून घातली. आठवडाभर तेवढंच, 'कि, मि, ति'. रफाराचंही असंच: 'गर्दी'त 'र' ऐकू येतो 'द'च्या आधी आणि जाऊन बसतो त्याच्या डोक्यावर. एक गाठ सुटल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. पंधरा मिनिटं पुरे, पण रोज. आणि पिठात काढलेला शब्द त्याच दिवशी पुस्तकात शोधून वाचायचा, नाहीतर तो परातीतच राहतो.

"बहिणाबाईंना तरी कुठं लिहिता-वाचता येत होतं?" ही समजूत मला पटत नाही. त्यांना शाळाच मिळाली नव्हती; तुमचा मुलगा रोज शाळेत जाऊन चारचौघांत अडखळतो. त्याच्यात आइन्स्टाइन दडलाय असंही सांगू नका, नसला तर काय त्यानं वाचायचं नाही? बहिणाबाईंकडून घ्यायचाच तर कान घ्या. यमकं जुळवा, भेंड्या लावा, टाळ्या वाजवत शब्द फोडा, आणि फोडलेला तुकडा लगेच पिठात उमटवा. खेळ घरच्या बोलीत झाला तरी चालतो.

इंग्रजी माध्यमात टाकायचं का? नको. तिथं अक्षर आणि आवाज यांचं नातं आणखी वाकडं.

डिस्लेक्सियाच्या दाखल्याला लाजू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातलाच, आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करण्यापेक्षा तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना आत्ताच भेटा.

आणि मे महिना. लग्नसराईत सराव तुटतो, जूनमध्ये पुन्हा 'कि'पासून सुरुवात. मामाच्या गावी जाणार असाल तर मामीला आधीच सांगून ठेवा, सकाळी ऊन चढायच्या आत पंधरा मिनिटं परात आमची, भाकरी नंतर.