आमच्या शेजारची पेगन मुलं शाळेत का जात नाहीत

इंग्लंडमध्ये मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं नाहीये, हे मला इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. शिक्षण सक्तीचं आहे, वय ५ ते १६. पण १९९६ च्या एज्युकेशन अ‍ॅक्टचं कलम ७ सांगतं की मुलाच्या वयाला आणि कुवतीला साजेसं पूर्ण वेळ शिक्षण मिळेल हे बघायची जबाबदारी आईवडिलांची, मग ते शाळेत पाठवून असो किंवा अन्य प्रकारे. हेडटीचरला पत्र लिहायचं की आम्ही आता घरी शिकवणार, झालं, नाव कमी (मूल स्पेशल स्कूलमध्ये असेल तर कौन्सिलची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, परवानगी लागते). बीएड वगैरे काही लागत नाही, नॅशनल करिक्युलमचं बंधन नाही, परीक्षाही द्यायलाच हवी असं नाही. सासूबाईंना हे फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं मग कोणीही उठून पोरांना घरी बसवेल की!" तर त्याच मुद्द्यावर सध्या इथे जोरात वाद चालू आहे, त्याच्याकडे येतेच.

आम्ही सॉमरसेटमध्ये राहतो, ग्लॅस्टनबरीच्या जवळ. ग्लॅस्टनबरी म्हटलं की तुम्हाला तो म्युझिक फेस्टिव्हल आठवेल, तो खरं तर शेजारच्या पिल्टन गावातल्या शेतात भरतो. खुद्द गावात टॉर नावाची टेकडी, चॅलिस वेल नावाच्या विहिरीचं लालसर पाणी, आणि हायस्ट्रीटवर स्फटिक, झाडू, टॅरो कार्डं विकणारी दुकानंच दुकानं. पेगन लोक, म्हणजे ख्रिश्चन धर्माच्या आधीच्या निसर्गपूजेपासून प्रेरणा घेणारे, या भागात नेहमी दिसतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण ७४,००० लोकांनी धर्म पेगन लिहिला, शिवाय १३,००० नी विक्का (पेगनांचाच एक पंथ). आमची शेजारीण त्यातलीच, नवरा सुतार, मुलगी १२ ची, मुलगा ९ चा, आणि दोन्ही मुलं घरी शिकतात.

मला आधी वाटायचं की धर्मासाठीच चाललंय हे सगळं. तसं नाहीये, म्हणजे पूर्ण नाहीये. मुलाला गोंगाट सहन व्हायचा नाही, सकाळी दप्तर दिसलं की उलटी. शाळेने "सवय होईल" म्हणून दोन टर्म काढल्या. दुसरीकडे इथल्या सरकारी शाळांमध्ये रोज सामूहिक प्रार्थना व्हायला हवी आणि ती मुख्यतः ख्रिश्चन स्वरूपाची हवी असा कायदा अजून आहे (सगळ्या शाळा इमानेइतबारे पाळतात असं नाही, आणि आईवडील मुलाला त्यातून बाहेर काढू शकतात, पण मग ते पोर एकटंच ऑफिसबाहेर बसणार). सणांचं तर विचारूच नका. आमच्या मुलीला दिवाळीची रजा मागितली की मिळते. कायद्यात शब्द असे आहेत की पालकांच्या धार्मिक संस्थेने खास त्या पूजेसाठी ठरवलेला दिवस हवा, आणि पेगनांचं चर्चसारखं एक मुख्य पीठ नाहीच. त्यामुळे बेल्टेनला, म्हणजे १ मेला, रजा मागितली की सगळं हेडच्या मर्जीवर. तर धर्म हे कारण नव्हतं, पण निर्णय घेताना त्याने मागून ढकललं असं म्हणूया.

आता घरी शिकवतात म्हणजे काय करतात? सकाळी तासभर गणित आणि इंग्लिश, ते अगदी आपल्या घरातल्यासारखंच, रडारडीसकट. बाकी वर्ष त्यांच्या आठ सणांवर बेतलेलं: साविन, यूल, इम्बोल्क, वसंतातलं संपात, बेल्टेन, मग जूनचा मोठा दिवस, लामास आणि शरदातलं संपात. (हे आठांचं चाक फार प्राचीन असेल असं वाटतं ना, पण ते या रूपात १९५० च्या दशकात जुळवलं गेलं, आणि हे मला शेजारणीनेच सांगितलं. इतिहासाच्या बाबतीत ती फार कडक आहे.) अंगणात एक मीटरची काठी रोवलीय, दर सणाला दुपारी सूर्य सगळ्यात वर आला की सावली मोजायची आणि वहीत लिहायची. डिसेंबरच्या २१ ला साडेतीन मीटरहून लांब, जूनच्या २१ ला जेमतेम अर्धा मीटर. त्यावरून कोन, मग अक्षांश, मग पृथ्वी कललेली का. मी सहज म्हटलं की आमच्या पुण्यात मेच्या मध्याला दुपारी सावली गायबच होते, तर पोरगा विश्वासच ठेवेना, तिथून त्याने स्वतः कागदावर काढून दाखवलं की हो, होईल! जवळच्या दलदलीत स्वीट ट्रॅक म्हणून लाकडी पायवाट सापडलीय, झाडांच्या वर्तुळांवरून तिचं वय काढलं तर लाकूड इ.स.पू. ३८०७-०६ च्या सुमाराचं निघालं. त्यावर त्यांचा अख्खा महिना गेला. १७ जानेवारीला सफरचंदाच्या बागेत वॉसेल असतं, सायडरमध्ये (सफरचंदाच्या दारूत) बुडवलेले टोस्ट फांद्यांवर ठेवायचे, भांडी बडवायची, त्याला ते संगीत आणि पीई दोन्ही धरतात, मला हसू येतं पण असो.

देवाधर्माचे पाठ मात्र नाहीत. दीक्षा वगैरे अठरानंतर, मुलांना हवी असेल तर. मुलगी सध्या म्हणते की ती कशावरच विश्वास ठेवत नाही, आणि आई म्हणते ठीक.

आता तो वाद. कौन्सिलला आज घरात येऊन मूल बघायचा आपोआप अधिकार नाही. चौकशीचं पत्र येतं, समाधान झालं नाही तर शाळेत घालायचा आदेश देता येतो. २०२३ मध्ये सरे परगण्यात दहा वर्षांच्या एका मुलीचा घरच्यांनीच छळ करून खून केला, आणि तिला आधी "घरी शिकवणार" म्हणून शाळेतून काढलेलं होतं. सगळा देश हादरला. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने विधेयक आणलं, शाळेत नसलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही ठेवायची, आणि आधीच धोक्यात असलेल्या मुलांना कौन्सिलच्या परवानगीशिवाय काढता येणार नाही. मला हे बरोबर वाटतं, आणि मी शेजारणीला तोंडावर सांगितलं.

ती चिडली नाही, पण मग तिने ऑर्कनी बेटांचं सांगितलं. फेब्रुवारी १९९१, स्कॉटलंडच्या उत्तरेच्या एका बेटावर पहाटे सोशल वर्कर्स आणि पोलीस आले आणि नऊ मुलं घरातून उचलून नेली, संशय काय तर सैतानी विधींमध्ये अत्याचार. एप्रिलमध्ये कोर्टाने सगळी परत पाठवली. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमधल्या रॉचडेललाही असंच झालेलं. ती घरं पेगन नव्हती, पण तेव्हापासून पेगन आईवडिलांच्या पोटात गोळा आहे, कारण घरात वेदी, मेणबत्त्या, शिंगवाला देव, असं बघून एखाद्या अनोळखी बाईने काय अर्थ काढायचा? आपल्या देव्हाऱ्याकडे इथे कुतूहलाने बघतात, तिच्याकडे घाबरून. तिची भीती मला कळते. तरी नोंद व्हायलाच हवी असं माझं मत आहे, चौकशीला येणाऱ्याचं ट्रेनिंग नीट हवं हेही तितकंच, आणि यावर आमचं अजून जमत नाही.

मी करेन का? नाही बाबा. सरकार एक पैसा देत नाही. शेजारणीने लायब्ररीतली नोकरी सोडली, नवऱ्याने नाही सोडली, आणि ज्या घरी शिकवणाऱ्या कुटुंबांना मी भेटले तिथे बहुतेक हेच चित्र. मुलं एकटी पडतात हा आपल्याकडचा आक्षेप मला खरं तर फोल वाटला, त्यांचे जंगलातले ग्रुप, पोहणं, इतर घरांबरोबरचे सायन्सचे तास असतात. एकटी आई पडते.

शेजारणीच्या मुलीला आता सोळाव्या वर्षी कॉलेजला जायचंय, म्हणून आयजीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) द्यायची ठरलीय, त्यात कोर्सवर्क कमी असतं ना. प्रायव्हेट कॅंडिडेट घेणारं सेंटर स्वतः शोधावं लागतं, फीही स्वतःच भरायची, विषयाला शंभरच्या वर पौंड सहज. कुठलं सेंटर कुठला बोर्ड घेतं आणि फॉर्मची शेवटची तारीख काय, याची एक्सेल शीट करायचं काम माझ्याकडे आलंय, कारण शेजारणीला एक्सेलचा भयंकर राग आहे.