दोन वाजलेच नाहीत

३० मार्च २०२५, रविवार. गुढीपाडवा. सातारा.

पोरगी हॅम्बुर्गला. गुढी उभारताना तिला फोनवर घ्यायचं, असं कालच ठरलं होतं. आजचा सूर्योदय साडेसहाच्या सुमाराचा, म्हणजे तिच्याकडं रात्रीचे दोन. "झोप मोडू नकोस," म्हटलं, तर म्हणाली, "आज इथं सगळ्यांचीच मोडणार आहे."

ह्यांनी बांबूला खण बांधला, कडुलिंब आणि साखरेची गाठी लावली. वर तांब्या पालथा घालेपर्यंत जरंडेश्वराच्या डोंगरामागं तांबडं फुटलं होतं. तेवढ्यात पोरगी फोनमधून ओरडली, "आई, एक मिनिट थांब, हे बघ!" तिनं फोन लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळापुढं धरला. १:५८. १:५९. आम्ही दोघं हातात गुढी धरून उभे. आणि मग एकदम ३:००. टिकटिक नाही, टोल नाही. मधला तास गेलाच.

"आज इथं दोन वाजलेच नाहीत," ती म्हणाली.

"गेलेला तास कुठं जातो?" ह्यांनी विचारलं.

"ऑक्टोबरात परत मिळतो, बाबा. शेवटच्या रविवारी."

"आणि व्याज?"

आपल्याकडं साडेतीन मुहूर्तांपैकी एक, वर्षाची सुरुवात, आणि तिकडं त्याच घटकेला सबंध देशानं एक तास गमावला. मला उगीच अपशकुन वाटला. मग पोरीनंच समजावलं. उन्हाळ्यातला लांबलेला उजेड संध्याकाळच्या वाट्याला यावा, म्हणून घड्याळ तासभर पुढं करायचा हा खटाटोप. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये जर्मनीनं तो सुरू केला, दिवाबत्तीचा कोळसा वाचावा म्हणून. हे बंद करावं असं युरोपच्या संसदेनं २०१९ मध्ये मत दिलं, तरी अजून चालूच आहे. म्हणजे फाइल तिकडंही अडकते.

खरं तर आपल्याकडंही एकदा हे झालंय. आजी सांगायची, लढाईच्या दिवसांत घड्याळ तासभर पुढं होतं. १९४२ ते १९४५. गावात कोणी नवा टाइम पाळायचं, कोणी जुना. सातारा जिल्ह्यात तेव्हा प्रतिसरकार चाललेलं. सरकारंच दोन, तर टाइम एक कसा असणार! मुंबईनं तर आपला वेगळा टाइम, देशापेक्षा ३९ मिनिटं मागचा, १९५५ पर्यंत सोडला नव्हता. आणि आताचं आपलं घड्याळ तरी कुठं साताऱ्याचं आहे? ते चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर. आपण तिच्या पश्चिमेला साडेआठ अंश, म्हणजे सूर्य इथं चौतीसेक मिनिटं उशिरा पोचतो. जानेवारीत सात वाजले तरी सूर्य का उगवत नाही, त्याचं एक कारण हे.

पोरीचा हिवाळा वाईट गेला. डिसेंबरात तिथं साडेआठनंतर उजाडतं आणि चारला दिवस मावळतो. कामाला जाताना अंधार, येताना अंधार. नोव्हेंबरपासून फोनवर तिचा आवाज खाली गेलेला, विचारलं की "काही नाही, झोप येते नुसती." शेवटी डॉक्टरांनी दहा हजार लक्सचा, म्हणजे लख्ख उजेडाचा, दिवा सांगितला. सकाळी नाष्ट्याला अर्धा तास समोर ठेवायचा. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतलं घड्याळ जागेवर येतं, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, इथं अंगणात तेवढं ऊन तुळशीला फुकट मिळतं. बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं.

दुपारी दादा जेवायला आला. कोरेगाव तालुक्यात त्याचा ऊस आहे. पुरणपोळीचा दुसरा घास हातात असतानाच त्याची मान खाली गेली. ह्या आठवड्यात त्यांच्या फीडरला, म्हणजे शेतपंपांच्या विजेच्या लाइनीला, रात्रीची लाइट. रात्री दहाला येते, सकाळी सहाला जाते. पुढच्या आठवड्यात दिवसाची, मग परत रात्रीची. मोटर ऑटोवर टाकलीय, ती आपोआप सुरू होते. पण दारं कोण धरणार? एक सरी भरली की दुसरीला पाणी फिरवायला माणूस लागतोच. हातात बॅटरी, पायात गमबूट, आणि आता बिबट्याची धास्ती. दादा एकसष्ट वर्षांचा. गेल्या वर्षी बीपीची गोळी लागली. डॉक्टर म्हणाले, झोपेची वेळ एक ठेवा. दादा म्हणाला, ते लाइटवाल्यांना सांगा.

पोरीनं सकाळी सांगितलं होतं, मार्चमधल्या ह्या एका तासानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हार्ट अटॅक वाढतात, असं स्वीडनच्या संशोधकांना २००८ मध्ये दिसलं. एका तासानं, तेही वर्षातून एकदा. दादाचं घड्याळ दर आठवड्याला आठ-दहा तास इकडून तिकडं होतं. सकाळी जर्मन लोकांना आम्ही किती हसलो होतो!

जेवून तो हॉलमधल्या दिवाणावर आडवा झाला. पडदे ओढून मी भांडी घासायला गेले. पोरगी "इथल्या बाराला फोन करते" म्हणाली होती. मी हिवाळ्याच्या सवयीनं साडेचार धरून बसले, आणि फोन साडेतीनलाच वाजला.

"मामा कुठंय?"

"झोपलाय."

"नुसता दाखव. उठवू नको."

अंधारात काही दिसेना, म्हणून मी खिडकीचा पडदा थोडा सरकवला. पश्चिमेचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर पडलं. दादा दचकून उठून बसला, पायानं चपला शोधायला लागला.

"लाइट आली का?"