तिसऱ्या रात्रीचा अंदाज

काश्मीर खोऱ्यात हवामान अंदाजाच्या कामावर असताना एप्रिलमध्ये केलेली एक पाळी माझ्या अजून लक्षात आहे. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणारा पश्चिमी चक्रावात, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी हवेची प्रणाली, उपग्रहाच्या छायाचित्रांत दोन दिवस दिसत होता आणि त्याला अरबी समुद्रावरून भरपूर बाष्पही मिळत होते. जम्मूच्या सखल भागात विजांचा कडकडाट व गारपीट, खोऱ्यात पाऊस, गुलमर्ग, झोजिला आणि पीर पंजालच्या माथ्यावर बर्फ, असा अंदाज आम्ही तयार केला. रामबनजवळ दरडी कोसळून महामार्ग बंद पडू शकतो म्हणून ऑरेंज अलर्टही दिला.

पहाटे साडेपाचला आकाशात सोडलेल्या हवामान फुग्याची निरीक्षणे आली, तेव्हा शून्य अंशाची पातळी, म्हणजे ज्या उंचीवर तापमान शून्य अंश होते ती, बरीच खाली उतरलेली दिसली. पडणारा बर्फ त्या पातळीच्याही दोन-तीनशे मीटर खालपर्यंत न वितळता पोहोचू शकतो, त्यामुळे शोपियाँकडच्या सफरचंदाच्या उंच बागांवरही तो पडणार हे स्पष्ट होते. मला मात्र अधिक काळजी वाटत होती ती तिसऱ्या रात्रीची. चक्रावात पूर्वेकडे सरकला की त्याच्या मागून कोरडी, थंड हवा येते, आकाश निरभ्र होते, वारा पडतो, आणि जमिनीची ऊब रात्रभर निघून जाऊन जड झालेली गार हवा उतारावरून सखल जागी साचते. सफरचंदाची झाडे त्या वेळी ऐन फुलोऱ्यात होती. पूर्ण उमललेले फूल उणे दोन अंशांच्या सुमारास दगावू लागते आणि उणे चारच्या आसपास बहुतेक फुले जातात.

पत्रकाच्या मसुद्यात तिसऱ्या दिवसासमोर ‘हवामान कोरडे राहील’ एवढेच होते. माझे बालपण निफाडला द्राक्षबागेत गेले. थंडीच्या रात्री वडील वेलींच्या रांगांमध्ये शेकोट्या पेटवून पहाटेपर्यंत जागत, आणि अशी रात्र नेहमी चांदण्यांनी भरलेली असे. कोरडे हवामान हे शब्द वाचून बागायतदार निर्धास्त झोपेल, हे मी वरिष्ठांना सांगितले. त्यांनी रात्रीच्या तापमानाचे आकडे पुन्हा तपासले आणि सखल बागांत पहाटे दहिवर (गोठलेले दव) पडून फुलोऱ्याला धोका असल्याचे वाक्य स्वतःच्या हाताने पत्रकात घातले.

दोन दिवस अंदाजाप्रमाणे गेले. तिसऱ्या रात्री मी पाळी मागून घेतली. दर तासाला पारा उतरत होता. चार वाजता आमच्या आवारातले गवत पांढरे झाले.

सकाळी शोपियाँच्या एका वयस्क बागायतदारांचा फोन आला. ओला पालापाचोळा पेटवून त्यांनी घरच्या सर्वांसह रात्र बागेत काढली होती. नाल्याकाठच्या झाडांची फुले आतून काळी पडली होती, पण वरच्या उतारावरची वाचली होती. नुकसानीबद्दल ते फार बोलले नाहीत. मधमाश्या पेट्यांतून बाहेर पडतील इतकी ऊब कधी येईल, एवढेच त्यांना हवे होते, कारण परागीभवन झाले नाही तर वाचलेल्या फुलांनाही फळ धरणार नव्हते. मी नवा तक्ता उघडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पारा पंधरा अंशांच्या वर जाईल, असे त्यांना वाचून दाखवले.