करारातली बारीक अक्षरं

अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संपाचा विषय निघाला की गाडी एआयवरच अडते. आज रायटर्स गिल्ड ही लेखकांची संघटना आणि निर्मात्यांची संघटना यांच्यातल्या २०२३च्या कराराची कलमं पुन्हा चाळली. संप २ मे ते २७ सप्टेंबर चालला, आणि माझ्या मते खरी कमाई रायटर्स रूमबद्दलच्या, म्हणजे मालिकेचे लेखक एकत्र बसून लिहितात त्या खोलीबद्दलच्या, कलमांची आहे.

मालिकेला हिरवा कंदील मिळण्याआधीच चारदोन लेखक बसवायचे, थोड्या आठवड्यांत सगळे भाग बांधून घ्यायचे आणि त्यांना घरी पाठवायचं, ही 'मिनी रूम'ची पद्धत. नंतर शूटिंगला एकटा शोरनर, म्हणजे मालिकेचा मुख्य लेखक-निर्माता, उरतो आणि नवखे लेखक सेट न बघताच राहतात. या करारानुसार सहापर्यंत भागांच्या मालिकेला किमान ३ लेखक, ७ ते १२ भागांना ५, १३ किंवा जास्त भागांना ६. मंजुरीआधीच्या रूममध्ये सलग १० आठवड्यांच्या कामाची हमी. पळवाट आहेच: सगळे भाग एकच लेखक लिहिणार असेल तर ही संख्या लागू नाही.

स्ट्रीमिंगचा बोनसही नीट वाचावा. प्रदर्शनानंतरच्या किंवा पुढच्या एखाद्या प्रदर्शन-वर्षाच्या पहिल्या ९० दिवसांत देशातल्या सदस्यांच्या २० टक्क्यांइतकी व्ह्यूज झाली तरच तो मिळतो. व्ह्यूज म्हणजे देशात पाहिलेले एकूण तास भागिले कार्यक्रमाची लांबी. म्हणजे बहुतेकांच्या हाती भोपळाच!

एआयचं कलम मात्र साधं. यंत्राने लिहिलेलं 'साहित्य' धरायचं नाही. लेखकाला तसा मजकूर दिला तर कंपनीने तसं सांगायचं.