तुम्ही विचारलंत म्हणून: स्लॅटवरचा स्लॅग काढायला कुठलं टूल घ्यावं?

लेझर कटिंग मशीन घेतलेला माणूस काही महिन्यांत हा प्रश्न घेऊन येतोच: "स्लॅट साफ करायला भरवशाचं टूल कुठलं?" आणि त्याच्या मागोमाग, "किती वॅटचं घेऊ?" स्लॅट म्हणजे कापायची शीट ज्यांच्यावर टेकते त्या बेडमधल्या उभ्या दातेरी पट्ट्या, आणि स्लॅग म्हणजे कापताना वितळून त्यांच्यावर साचणारा थर. वॅट नंतर बघा, असंच मी सगळ्यांना सांगतो. टूल मध्येच अडकलं तर ते काय करतं आणि त्याचे दात झिजले की नवे मिळतात का, या दोन गोष्टींवर भरवसा ठरतो.

पण त्याआधी तुमच्या स्लॅटवर नेमकं काय साचलंय ते बघा. सगळा स्लॅग एकसारखा नसतो. एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) ऑक्सिजनवर कापता तेव्हा खाली पडतं ते मुख्यतः लोखंडाचं ऑक्साइड. काळपट, ठिसूळ. ठोका बसला की तडकतं आणि कपच्या निघतात. एसएस (स्टेनलेस स्टील) नायट्रोजनवर कापताना धातू जळत नाही, नुसता वितळतो आणि १० ते २० बारच्या दाबाने खाली उडतो. म्हणजे स्लॅटवर जे चढतं तो धातूच असतो, थरावर थर वेल्ड मारल्यासारखा. त्याला छिन्नी लावली तर तो तुटत नाही, वाकतो. डेमो द्यायला येणारे बहुधा ऑक्साइडचा स्लॅग काढून दाखवतात, आणि तो कुठल्याही टूलने निघतो. तुमचं काम एसएसचं असेल तर डेमो एसएसच्या स्लॅटवरच मागा. त्यातही मशीनच्या झिरोकडचा, म्हणजे मोजणी सुरू होते तिथला, कोपरा दाखवा. बहुतेक नेस्टिंग (शीटवर तुकड्यांची मांडणी) तिथून सुरू होतं, त्यामुळे सगळ्यात जास्त थर तिथेच असतो.

आता मापं. व्हर्निअर घेऊन बेडवर जा. कोऱ्या स्लॅटची जाडी घ्या, मग स्लॅगसकट सगळ्यात फुगलेल्या जागेची जाडी घ्या, शेजारच्या दोन स्लॅटमध्ये प्रत्यक्ष उरलेली फट घ्या, आणि स्लॅटच्या दाताच्या टोकापासून स्लॅग किती खाली उतरलाय ते मोजा. कॅटलॉगमधला जाडीचा आकडा कोऱ्या पट्टीचा की स्लॅगसकट, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. टूल उत्तम आहे, पण दोन स्लॅटमध्ये शिरतच नाही, अशी तक्रार मी फार ऐकली आहे. मग एकाआड एक स्लॅट काढून काम करावं लागतं आणि टूल घेतल्याचा अर्धा फायदा तिथेच जातो.

प्रकार म्हणाल तर छिन्नी-हातोडा छोट्या बेडला आणि ठिसूळ स्लॅगला अजूनही चालतो. एअरचा चिपिंग हॅमर वेगवान आहे, पण एका बाजूने मार बसतो, पातळ पट्टी वाकते आणि चालवणाऱ्याच्या मनगटांना मुंग्या येतात. ग्राइंडर मात्र वापरू नका. तो स्लॅगबरोबर स्लॅटही खातो आणि ठिणग्या धूर ओढणाऱ्या डक्टमध्ये जातात. रोजचं काम असेल तर स्लॅटवरून चालवायचं विजेचं टूल घ्यावं. ट्रम्फचं ट्रूटूल टीएससी १०० हे त्यातलं ओळखीचं नाव, पण आता इतरही बरेच बनवतात. या प्रकारात साधारणपणे दोन दातेरी रोलर पट्टीला दोन्ही बाजूंनी धरतात, उलटसुलट फिरतात आणि स्लॅग ओरबाडत पुढे सरकतात. दोन्हीकडून सारखा जोर असल्याने पट्टी सरळ राहते.

अशा टूलची खरी परीक्षा ते अडकतं तेव्हा होते. जाड गाठ आली की रोलर थांबतात, मोटर घुमते, आवाज जड होतो. चांगल्या टूलमध्ये त्या क्षणी क्लच घसरतो किंवा करंट आपोआप तुटतो. तुम्ही उलट दिशेचं बटण दाबता, टूल दोन बोटं मागे येतं आणि पुन्हा त्याच गाठीवर चढतं. दोन-तीन फेऱ्यांत गाठ सुटते. उलटी दिशाच नसेल तर ऑपरेटर टूल हिसकून काढतो, आणि दरवेळी तो झटका गिअरबॉक्स खातो. पुढे मोटर शाबूत असते, गिअर गेलेले असतात. म्हणून डेमोत टूल मुद्दाम अडकवा. विकणारा नको म्हणाला तर पुढचं टूल बघा.

रोलरचे दात झिजणारच, कितीही कडक केलेले असोत. विचारायचं ते एवढंच: दात वेगळे मिळतात का, लगेच मिळतात का, आणि तुमचा माणूस साध्या चाव्यांनी ते बदलू शकतो का. दात बदलायला अख्खं टूल कंपनीकडे पाठवावं लागत असेल, तर ते गेल्यावर इथे स्लॅग साचतच राहतो. खरेदीबरोबरच दातांचा एक जादा संच घेऊन ठेवा.

वजन आणि हँडल तुम्ही बघू नका, जो रोज चालवणार आहे त्याला बघू द्या. वाकून करावं लागणारं काम माणूस टाळतो. उभ्याने चालवता येईल असं लांब हँडल असलं तर सफाई खरंच होते.

एवढी धडपड कशासाठी, असं मालक विचारतात. स्लॅटच्या दातांची टोकं बुजली की गॅसला आणि वितळलेल्या धातूला खाली वाट मिळत नाही. ते उलटून शीटच्या पोटाला लागतं आणि जॉबच्या, म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या, खालच्या कडेला बर (धारदार कंगोरा) येते. छोटा जॉब कलंडून उभा राहतो आणि नोझल त्यावर धडकतं. जाड प्लेटचा जॉब कधी स्लॅगलाच चिकटून बसतो, मग पहारीने उचकटायचा. एका कटिंग हेडच्या दुरुस्तीचं बिल पाहिलेल्याला यापुढे समजवावं लागत नाही.

स्लॅटचेच दात जळून निम्मे झाले असतील तर मात्र साफ करत बसू नका. उरलेल्या शीटमधून त्याच मशीनवर नवे स्लॅट कापून घ्या.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. एकाच बेडवर लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही कापत असाल, तर दोघांची धूळ एकत्र साचू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड आणि लोखंडाचं ऑक्साइड म्हणजे थर्माइटचं मिश्रण. ते पेटलं तर तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि पाण्याने विझत नाही, उलट पाण्याने धोका वाढतो. धातू बदलताना खालचे ट्रे आणि डस्ट कलेक्टर रिकामे करा. स्लॅट साफ करताना टेबल बाहेर काढून मशीन लॉक करा. चष्मा, जाड हातमोजे, कानांना संरक्षण आणि धुळीचा मास्क हवाच. एसएसच्या धुळीत क्रोमियम आणि निकेल असतं, ते छातीत जाता कामा नये.

साफ कधी करायचं, हेही बरेच जण विचारतात. स्लॅटच्या दाताचं टोक अजून दिसतंय तोवर. थर पातळ असताना टूल एका फेरीत निघून जातं आणि त्याचे दातही जास्त टिकतात.